लॅटिन नावापुढचा ध

सत्काराला कोणती साडी नेसायची ते ठरलं होतं. भाषण लिहून झालं होतं आणि ते मी नवऱ्याला दोनदा वाचूनही दाखवलं होतं. दुसऱ्यांदा तो झोपला, पण तो कुठल्याही भाषणात झोपतो, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. कल्याणच्या ज्या कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिथल्या विभागाने आमच्या वेळचा वनस्पतिसंग्रह संगणकावर चढवायचं काम हाती घेतलं होतं. दाबून वाळवलेली फांदी जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायची आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं, असे कपाटंच्या कपाटं भरून कागद. त्यातला खाडीकाठच्या वनस्पतींचा बासष्ट कागदांचा गठ्ठा सगळ्यांत देखणा निघाला. त्या प्रत्येक लेबलावर ‘गोळा करणारा’ या रकान्यात माझं नाव होतं. म्हणून शनिवारी शाल, श्रीफळ आणि मी.

सोमवारी दुपारी फोन आला. फोन करणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. आता ती त्याच विभागात शिकवते आणि हे सगळं काम तिच्याच अंगावर आहे. एका कागदावरची फांदी सुटून आली होती, ती नीट चिकटवायला तिने कागद उलटा केला, तर मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने वनस्पतीचं लॅटिन नाव लिहिलेलं, आणि त्याच्यापुढे मराठीत एकच अक्षर.

“मॅडम, हा ध कोण?” तिने विचारलं. “जगभरच्या याद्या पाहिल्या. असा कुणी सापडत नाही.”

कुठला कागद, असं मी विचारलं. फुंगाळीचा, म्हणाली. मी खुर्ची ओढून बसले आणि तिला गठ्ठ्यातले बाकीचे कागदही उलटे करून बघायला सांगितलं. तासाभराने तिचा पुन्हा फोन आला. बासष्टच्या बासष्ट कागदांच्या मागे ध होता.

हे अक्षराचं प्रकरण काय आहे ते इथे सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं. नवरा म्हणतो, तू भाजीवाल्यालाही सोडत नाहीस. तर पूर्वी वनस्पतीचं शास्त्रीय नाव म्हणजे एक अख्खं लॅटिन वाक्य असायचं. पान कसं, देठ कसा, फूल कुठे येतं, सगळं त्यातच. लग्नपत्रिकेत मागे चिरंजीव आणि पुढे पदव्या लावून जशी नावं छापतात तसं. अठराव्या शतकात एका स्वीडिश डॉक्टराने हा पसारा दोन शब्दांवर आणला. मी वर्गात सांगायचे, हजेरीपटासारखं आहे, आडनाव आधी आणि नाव नंतर. त्या दोन शब्दांच्या पुढे, ज्याने ते नाव दिलं त्याच्या नावाचं लघुरूप लिहायचं. बाकीच्यांना त्यासाठी तीन-चार-पाच अक्षरं खर्च करावी लागतात. त्या स्वीडिश डॉक्टराला मात्र एकच पुरतं, एल. एका अक्षराचा हा मान सगळ्या जगात त्याच्या एकट्याचा आहे.

नावं ठेवण्यात तो माणूस दोन्ही अर्थांनी पटाईत होता. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका विद्वानाचं नाव त्याने एका चिकट, क्षुद्र तणाला देऊन टाकलं, असं सांगतात. आवडत्या माणसांची नावं अर्थातच चांगल्या झाडांना मिळाली. आपल्या खाडीतल्या तिवराला हजार वर्षांपूर्वीच्या एका इराणी हकिमाचं नाव आहे. त्या हकिमाने ठाण्याची खाडी पाहिली असण्याची सुतराम शक्यता नाही, पण भरती आली की त्याच्या नावाचं झाड कमरेइतक्या पाण्यात उभं असतं. समुद्राकाठच्या वाळूत पसरणाऱ्या एका वेलीच्या पानात नाव देणाऱ्यांना बकरीचा खूर दिसला, म्हणून तिचं लॅटिन नाव ‘बकरीच्या पायाची’. आपल्या लोकांनी पान पाहिलंच नाही, वेल कुठे येऊन थांबते ते पाहिलं आणि तिला मर्यादवेल म्हटलं. इथून पुढे समुद्र. मला दोन्ही नावं आवडतात, पण मर्यादवेल म्हणताना जरा जास्त बरं वाटतं. अडुळशाच्या लॅटिन नावात तर एक सबंध तमिळ शब्दच घुसून बसला आहे, बकरी ज्याला तोंड लावत नाही तो. म्हणजे तिकडे बकरीचा पाय, इकडे बकरीचं तोंड.

आणि बोरिवली. बोरिवलीच्या नावाची वनस्पती आहे. पावसाळ्यात उगवणारी, पांढऱ्या फुलांची, सफेद मुसळी म्हणून जिची मुळं विकतात ती. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली चक्क लॅटिनचा फेटा बांधून बसली आहे. मी डोंबिवलीची. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन दिवस चिडलेली होते. डोंबिवलीच्या नावाचं एखादं गवतसुद्धा असू नये? नवरा म्हणाला, धीर धर, एमआयडीसीतून एखादं रसायन निघेल. त्यावर मी त्याच्याशी आणखी दोन दिवस बोलले नाही.

आता मामा. ते आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. मी नोकरीला लागले तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते, मी पंचवीसची, आणि माझ्याकडे सुवर्णपदक होतं. म्हणजे मी किती असह्य असेन याची कल्पना करा. खाडीच्या वनस्पतींचा संग्रह करायचा ही कल्पना माझी, ते मात्र खरं. पहिल्या खेपेला मी मामांबरोबर गेलेही. गुडघ्यापर्यंत रुतले, मामांनी काखेत धरून उपसून काढलं, आणि माझी एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. ती अजून तिथे असेल. त्यानंतर मी खाडीत पाय घातला नाही. ओहोटी कधी, कुठल्या बांधावरून आत शिरायचं, तिवराला मोहर कधी येतो, हे सगळं मामांना हाताच्या रेषांसारखं ठाऊक. ते पहाटे चिखलात उतरत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या घेऊन कल्याणला येत. कागदांत घालून दाबायचं, रोज टिपकागद बदलायचा, वाळल्यावर चिकटवायचं, हे सगळं तेच करत. लेबलावर लॅटिन नावही त्यांच्याच हातचं, कारण त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि माझं डॉक्टरांसारखं. मी टेबलाशी बसून वनस्पती ओळखायचे आणि बाकीचे रकाने भरायचे. ‘गोळा करणारा’ या रकान्यात मी माझं नाव घालायचे. सगळेच प्राध्यापक तसं करायचे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही.

एकदा लेबल लिहिता लिहिता मामांनी विचारलं, हे शेवटी एल का लिहायचं. मी आनंदाने सगळी कथा सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि मग विचारलं, तो माणूस आपल्याकडे कधी आला होता का. मी म्हटलं, कधीच नाही. मग त्याला आपली झाडं मिळाली कुठून? मी सांगितलं की त्याचे विद्यार्थी, खलाशी, व्यापारी अशी माणसं देशोदेशीच्या फांद्या वाळवून पाठवायची, काही झाडांची तर त्याने नुसती वर्णनं वाचली. त्या माणसांची नावं काय, असा पुढचा प्रश्न आला. बऱ्याच जणांची कुणाला माहीत नाहीत, असं मी सांगितलं.

“म्हंजे चिखलात पाय घालनारा येगला,” मामा म्हणाले, “नि अक्षर येगल्याचं.”

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची समिती तपासणीला यायची होती. आदल्या दिवशी मी खाडीचा गठ्ठा काढला आणि पाहते तर तीसेक लेबलांवर लॅटिन नावापुढे, जिथे नाव देणाऱ्याचं लघुरूप संपतं तिथे, पेन्सिलने एक छोटा ध. एल आणि मग ध. मामांच्या नावाचं पहिलं अक्षर. माझं डोकं फिरलं. उद्या समितीतल्या कुणी हे पाहिलं तर माझी काय शोभा होईल, एवढंच मला दिसत होतं. प्रयोगशाळेत एस.वाय.ची मुलं काम करत होती. त्यांच्यादेखत मी मामांना बोलावलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे.

मामा म्हणाले, झाड आणणाऱ्याचंही एखादं अक्षर पाहिजे की नाही.

“हे अक्षर नाव देणाऱ्याचं असतं, मामा,” मी म्हटलं. “आणणाऱ्याचं नसतं. पुढे असलं काही लिहायचं नाही.”

आणि मी नवं कोरं खोडरबर घेऊन एकेक ध खोडत गेले. मामा शेजारी उभे होते. प्रत्येक कागदावरचा खोडरबराचा चुरा ते फडक्याने झटकत होते, वाळलेल्या पानाला धक्का लागू नये म्हणून हलक्या हाताने. “बरं मॅडम,” एवढंच म्हणाले होते. समिती दुसऱ्या दिवशी आली, चहा-बटाटेवडे खाऊन गेली, आणि गठ्ठा कुणी उघडलासुद्धा नाही.

फुंगाळीचा कागद त्याच वर्षीचा. फुंगाळी खाडीकाठीच वाढते, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर काही खरं नाही. तिचं लॅटिन नाव अगदी तेच सांगतं, आंधळं करणारी. मामांनी फांदी तोडली आणि चीक डोळ्यात उडाला. चार दिवस ते आले नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी प्राचार्यांना लेखी कळवलं की परिचर न सांगता गैरहजर आहेत. पाचव्या दिवशी ते आले, एक डोळा लालभडक आणि हातात फुंगाळी. त्या अवस्थेतही त्यांनी ती घरी दाबून, कागद बदलून, छान वाळवली होती. मी लेबलावर माझं नाव घातलं, कागद हातात धरला आणि वर्गात शिकवलं की पाहा, शास्त्रीय नाव किती अचूक असतं, हिचा चीक माणसाला आंधळा करू शकतो. मामा मागे दाराशी उभे होते. तिथून म्हणाले, “खरं हाय.” सगळा वर्ग हसला आणि मीही हसले.

सोमवारी तो दुसरा फोन ठेवल्यावर हे सगळं मला आठवलं. मी चांगली माणूस आहे असा माझा समज होता आणि तो एका दुपारी मोडीत निघाला. तरी लबाडी सुटत नाही. एक मन सांगत होतं, ध म्हणजे कुणी जुना विद्यार्थी असेल असं सांगून टाक, पोरीला काय कळतंय. शनिवार होऊन जाऊ दे, मग निवांत बघू. भाषण खरंच चांगलं झालं होतं. त्यात ‘चिखल तुडवत’ असे शब्द मी स्वतःबद्दल वापरले होते. ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मग मी त्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं, खोडरबरासकट. ती म्हणाली, मॅडम, आपण मामांकडे जाऊ या.

बुधवारी आम्ही दोघी ठाण्याला गेलो. निवृत्तीनंतर मामांची आणि माझी भेट दोन-तीनदा लग्नकार्यातच झाली होती. आता ते ऐंशीला टेकलेत, गुडघे कुरकुरतात, बाकी माणूस खणखणीत. त्यांच्या घराच्या गॅलरीत मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या मांडलेल्या, त्यांत माती भरून झाडं लावलेली, आणि प्रत्येक पेटीत आइस्क्रीमच्या काडीवर लॅटिन नाव, तेच छापल्यासारखं अक्षर. मी वाकून वाचलं. तुळस, गवती चहा, अडुळसा, ओवा. प्रत्येक नावापुढे ध. इथे तर त्यांनी एलला पार हाकलूनच दिलं होतं.

मला हसू आवरेना. मामाही हसायला लागले. हसता हसता मी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच रडायला लागले, त्यामुळे त्यांच्या सुनेला वाटलं काही वाईट बातमी आहे, ती बिचारी पाणी घेऊन धावत आली. मी पाणी प्यायले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. बासष्ट कागदांवर माझं नाव आहे, त्यातला एकही मी आणलेला नाही, शनिवारी माझा सत्कार आहे, आणि कागदांच्या मागचे ध आम्हाला सापडलेत.

“तुमी बोललेल्या, पुढं लिवायचं नाय,” मामा म्हणाले. “मागचं तुमी कायच बोललेल्या नाय.”

म्हणजे चौतीस-पस्तीस वर्षं हा माणूस माझ्या आज्ञेत होता, आणि माझ्या आज्ञेची फक्त एकच बाजू पाळत होता. खोडलेले सगळे ध त्यांनी त्याच आठवड्यात मागच्या बाजूला पुन्हा लिहिले होते, आणि पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर न चुकता. मी त्या कपाटासमोर एकतीस वर्षं उभी राहिले. कागद उलटा करून पाहावा असं मला एकदाही वाटलं नाही.

मग विद्यार्थिनीने फोनवर एकेक कागदाचं चित्र दाखवायला सुरुवात केली आणि मामांची कळी खुलली. हे तिवर मिठागराच्या बांधावरचं, तेव्हा तिथे दोन बगळ्यांची घरटी होती. ही मारांडी खाडीपुलाच्या ठाण्याच्या अंगाची, फूल मिळावं म्हणून तीन खेपा केल्या. ही मर्यादवेल उत्तनची, भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो तेव्हा आणली, चांगल्या कपड्यांत, बायकोने तोंडाचा पट्टा सोडला होता. माझ्या लेबलांवर ठिकाण म्हणून नुसतं ‘ठाणे खाडी’ एवढंच होतं. विद्यार्थिनी भराभरा टाइप करत होती आणि तरी मागे पडत होती. एकदा मी मध्येच म्हटलं, हे डोंबिवलीच्या रेतीबंदराजवळचं वाटतं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डोंबिवली मागे घेतली. समोर सुनेने तळलेल्या निवट्यांची, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांची, ताटली आणली, आणि मॅडम खात नाहीत हे मामांनी लक्षात ठेवून माझ्यापुरते पोहे करायला सांगितले होते. विद्यार्थिनीने मात्र निवट्या संपवल्या.

शेवटी मी माझा बेत सांगितला. सगळी जुनी लेबलं काढून टाकू आणि मामांच्या नावाची नवी लावू. त्यावर विद्यार्थिनी मान हलवायला लागली. संग्रहातल्या कागदावरचं जुनं लेबल कधी काढायचं नसतं आणि खोडायचंही नसतं. चूक असली तरी ते तसंच ठेवायचं, शेजारी दुसरी चिठ्ठी लावायची, तिच्यावर बरोबर काय ते लिहायचं, आणि चूक कुणी सुधारली त्याचं नाव आणि तारीख घालायची. जगभर हाच रिवाज आहे. एकेका जुन्या कागदावर अशा पाच-सहा चिठ्ठ्या असतात, प्रत्येक पिढीतल्या शहाण्याने आधीच्या शहाण्याला केलेली दुरुस्ती. मला हा रिवाज नेहमीच फार आवडत आला आहे. मी तो शिकवलाही आहे.

मामा पुढे झुकले. “खोडायचं नाय?” त्यांनी तिला विचारलं.

“कधीच नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. “हा नियम तवा पन व्हता?”

“होता,” मी म्हटलं.

“तुमाला म्हाईत व्हता?”

“माहीत होता.”

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सून पुन्हा पाणी घेऊन आली. मी अपमानित वगैरे व्हायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. शनिवारी येणार का, असं मी विचारलं. आधी ते गुडघ्यांचं निमित्त सांगत होते, स्टेजबिज नको म्हणत होते. आता डोळे पुसत म्हणाले, “येतो. मला ती चिठ्ठी लावताना बघायचीय.”

परतताना विद्यार्थिनीला एक चिंता होती. संगणकावरच्या तक्त्यात मराठी अक्षर चालत नव्हतं आणि ध तर नोंदवायलाच हवा होता. मी तिला म्हटलं, साडेतीनशे वर्षांपूर्वी मलबारात एका डच अधिकाऱ्याने तिथल्या वैद्यांना हाताशी धरून वनस्पतींचा प्रचंड लॅटिन ग्रंथ करवून घेतला, त्यात झाडांची नावं देशी लिपीत छापली आहेत आणि कोकणी वैद्यांची साक्ष चक्क नागरीत आहे. त्यांना तेव्हा जमलं, तुमच्या संगणकाला का जमू नये? तिने कुणाला तरी तीन फोन केले. शेवटी ‘शेरा’ या रकान्यात ध बसला. आता त्या तक्त्यात एका अक्षराचे मानकरी दोघे आहेत, एक तो स्वीडिश डॉक्टर आणि दुसरे आमचे मामा.

शनिवारी मी ठरलेलीच साडी नेसले. साडीचा काही दोष नव्हता. भाषण घरीच ठेवलं. हॉलमध्ये विद्यार्थी होते, जुने सहकारी होते, पहिल्या रांगेत मामा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आणि त्यांच्या शेजारी माझा नवरा, त्या दिवशी टक्क जागा. मी माइकपुढे उभी राहिले आणि फुंगाळीची गोष्ट सांगितली. चीक, लाल डोळा, प्राचार्यांना लिहिलेली चिठ्ठी, दाराशी म्हटलेलं “खरं हाय”. मग ध ची गोष्ट सांगितली. खोडरबरही वगळलं नाही, आणि मागच्या बाजूशी आल्यावर जो हशा उठला त्यात मामांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. या संग्रहात माझा एक पाय चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली, बाकी सगळे पाय मामांचे, असं सांगून मी खाली बसले. शाल प्राचार्यांनी मामांच्या खांद्यावर घातली. नारळ मामांनी माझ्या हातात दिला, धरा म्हणाले, मला सही करायचीय.

फुंगाळीचा कागद टेबलावर ठेवला होता. विद्यार्थिनीने कोरी चिठ्ठी आणि शाईचं पेन पुढे केलं. मामांनी चष्मा लावला, बाही सावरली आणि ‘गोळा करणारा’ असं छापलं होतं त्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, तेच छापल्यासारखं अक्षर. खाली, चूक सुधारणाऱ्याच्या जागी, मी सही केली आणि तारीख घातली. चिठ्ठी माझ्या जुन्या लेबलाशेजारी चिकटवली. मी त्यांना म्हटलं, मामा, आता तरी माझं नाव खोडू का. त्यांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

मग त्यांनी दोन्ही हातांनी कागद उचलला आणि वाळल्या पानाला धक्का लागू न देता हळूच उलटा केला. मागच्या कोपऱ्यात त्यांचा जुना ध होता. त्यांनी खिशातून पेन्सिलीचा एक तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

“हितं जागा हाय, बाय,” ते म्हणाले. “तुमचं पन एक अक्षर लिवा.”

मी ध च्या शेजारी माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, लहानसं. मामांनी ते बारकाईने पाहिलं, फुंकर मारली, आणि खिशातला रुमाल काढून हलक्या हाताने कागद पुसला.